बावीस मिनिटांचे लांडगे

रंजिताने वड्यांचं नाव काढलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं रंभाबाईंचं ठाम मत आहे. आणि रंभाबाईंचं मत एकदा ठाम झालं की ते हलवायला घरातलं कुणी जात नाही.

दोन हजार दोन सालचा ऑक्टोबर. शारजातल्या रोल्ला भागातल्या त्या जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर रंजिता राहायला आली, ती थेट टोरांटोहून. आल्या महिन्यात तिने लिफ्टमध्ये रंगीत कागद चिकटवला आणि मुलांच्या आयांना घरी बोलावून घेतलं. एकतीस तारखेला, गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता तिच्या हॉलमध्ये मुलांचा हॅलोवीन. रंभाबाईंची सून सुजाता क्लिनिकमध्ये ड्यूटीवर होती, म्हणून दहा वर्षांच्या अस्मीला घेऊन रंभाबाई स्वतः गेल्या. इस्त्रीचं लुगडं नेसून गेल्या. बसायला मऊ खुर्ची होती ती सोडून त्या कडक खुर्चीवर बसल्या, कारण मऊ खुर्चीत बसलं की माणूस खाली जातो आणि समोरची बाई वर राहते.

रंजिताने कामं वाटली. कुणी भोपळे कोरायचे, कुणी काळ्या कागदाची वटवाघळं कापायची. मग ती रंभाबाईंकडे वळली आणि लहान मुलाशी बोलावं तसं हसली.

"काकू, तुम्ही ना, पन्नास बटाटेवडे करून पाठवा. आणि संध्याकाळी घरी मस्त आराम करा हं. जरा स्केरी असणार आहे. तुम्हाला सोसायचं नाही."

रंभाबाई गुहागरकडच्या. नवरा आखातात असताना हातात पेटती चूड घेऊन अमावास्येला गावाबाहेरचा कातळाचा सडा ओलांडून सुईणीला आणायला गेलेली ही बाई. तिला भुतं सोसायची नाहीत, असं टोरांटोहून आलेली पोर सांगत होती.

"वडे दुसरं कोणीतरी करील," रंभाबाई म्हणाल्या. "यादीत अजून काय उरलंय?"

"आता फक्त म्युझिक आणि व्हिडिओ क्लिप्स. भुताखेतांच्या, पण जुन्या. ब्लॅक अँड व्हाइट, विंटेज. ते तुम्हाला नाही जमणार काकू, ते मी बघते."

"ते आमची अस्मी आणील."

"Aji!" अस्मी कळवळली. "I don't have any!"

"आणशील."

रंजिताने भुवया उंचावल्या. "नक्की ना काकू? आयत्या वेळी नाही आलं तर अख्ख्या पार्टीचा मूड जाईल. मुलांसमोर अस्मीलाच वाईट वाटेल."

खोलीत सात बायका होत्या. सातच्या सातजणी बघत होत्या.

"शब्द दिलाय," रंभाबाई म्हणाल्या आणि उठल्या. आपण नक्की काय आणायचा शब्द दिलाय, हे त्यांनी जिन्यात अस्मीला विचारून घेतलं.

घरी विलासने, म्हणजे मुलाने, डोक्याला हात लावला. "आई, हॅलोवीन म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"भुतांचा सण. आपल्याकडे भुतांना नारळ देऊन घालवतात, त्यांच्याकडे खाऊ देऊन बोलावतात. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

विलास हात धुऊन जेवायला बसला. त्याला दुबईहून घरी यायला रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये लागत, तेव्हा त्याच्याकडून भुतं मिळणार नव्हती. ती मिळणार होती तिसऱ्या मजल्यावरच्या चारुदत्तकडून. चारुदत्त कॉम्प्युटरच्या नोकरीत होता आणि रंभाबाईंच्या आमटीसाठी कुठल्याही कामाला तयार होता. इंटरनेटवर सगळं मिळतं, असं त्याने सांगितलं. फक्त तो पाच जणांबरोबर राहत होता आणि त्या पाच जणांनी फोनला कुलूप लावलेलं होतं.

"मग यंत्र इकडे आण," रंभाबाई म्हणाल्या.

चारुदत्तने यंत्र आणलं. ते जेवणाच्या टेबलावर फोनशेजारी बसलं आणि टेबल संपलं. टेबलावरच्या वस्तू घरभर पांगल्या. त्यात एक बटर बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा होता. त्याला कुठेच जागा मिळेना, म्हणून रंभाबाईंनी तो कॉम्प्युटरच्या टीव्हीसारख्या खोक्याच्या डोक्यावर ठेवला. तिथे तो नजरेसमोर राहणार होता.

त्या डब्याबद्दल इथेच सांगायला हवं. त्यात दोन ऑडिओ कॅसेट होत्या. गुणवंत, म्हणजे रंभाबाईंचे यजमान, सोळा वर्षं शारजाच्या बंदरावर क्रेन चालवत होते आणि रंभाबाई गावी. रंभाबाईंची शाळा दुसरीत सुटली. सही येते, बसचा नंबर कळतो, मोठं छापील अक्षर जोडून जोडून लागतं. हाताने लिहिलेलं लागत नाही. आलेलं पत्र वाचायचं तर पोस्टमास्तरकडे जावं लागे, आणि नवराबायकोच्या मध्ये पोस्टमास्तर त्यांना नको होता. म्हणून ही दोघं कॅसेटवर बोलत. तो एक बाजू बोलून सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती पाठवायचा, ही त्यावरच पुसून आपलं बोलून परत पाठवायची. त्याच त्या कॅसेट सोळा वर्षं समुद्र ओलांडत राहिल्या. शेवटी आली त्या कॅसेटवर गुणवंतांचं बोलणं होतं, आणि सोबत उत्तरासाठी एक कोरी. उत्तर जायच्या आधी बातमी आली. गुणवंत बंदरावरच गेले. त्याला नऊ वर्षं झाली.

दोन्ही कॅसेट एकाच कंपनीच्या, दिसायला सारख्या. गुणवंतांनी आपल्या कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडून ठेवल्या होत्या, म्हणजे चुकून कुणी तिच्यावर पुसून भरू नये. पण रंभाबाईंचा भरवसा त्यांच्या स्वतःच्या खुणेवर होता. कुंकवाखाली लावायचं मेण त्या दिवसापासून त्यांच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. उरलेल्या मेणात कुंकू कालवून त्यांनी त्याचा ठिपका नवऱ्याच्या कॅसेटवर दिला होता. वर्षातून एकदा, तिथीच्या दिवशी, दार लावून त्या ती ऐकत. बाकी वर्षभर डबा बंद.

आता तो डबा यंत्रावर होता, आणि यंत्र तापत होतं.

"काकू," चारुदत्तने ऑफिसला जाताना बजावलं, "हे डाउनलोड फोनच्या लाइनीतून होतं. मध्ये कुणी रिसीव्हर उचलला की खलास. पहिल्यापासून परत."

रंभाबाईंनी रिसीव्हरवर भाताचा टोप पालथा घातला आणि टोपावर वरवंटा ठेवला. मग खुर्ची ओढून, चकलीच्या भाजणीची परात मांडीवर घेऊन त्या पडद्यासमोर बसल्या. दिवाळी आठवड्यावर आणि भुतं चार पावलांवर, दोन्हीकडे त्यांचं सारखंच लक्ष होतं. पडद्यावर एक निळी पट्टी होती. ती दुधावर साय धरावी त्या गतीने सरकायची. एका सांगाड्याला यायला साडेतीन तास लागले. घुबड सकाळी दहाला निघालं ते दुपारी एकला पोचलं. आकडे रंभाबाईंना वाचता येत होते, त्यामुळे विलासने संध्याकाळी दारातून पाऊल आत टाकलं की त्याला बातमी मिळायची: "हडळ एकसष्टवर आहे. आवाज करू नको."

असे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत गावाहून रंभाबाईंची जाऊ एसटीडी बूथवरून फोन लावत होती. बुधवारी एंगेज, गुरुवारी एंगेज. आखातातल्या घराचा फोन सलग दोन दिवस एंगेज लागतो याचा अर्थ त्या गावाला एकच ठाऊक होता: तिकडून सगळीकडे कळवणं चाललंय. आणि त्या घरात कळवण्याच्या वयाचं एकच माणूस होतं. जावेने बूथमध्येच डोळ्याला पदर लावला आणि भिवाच्या कॅम्पला फोन केला.

भिवा त्यांच्याच वाडीतला, इथे कामगारांच्या कॅम्पात राहून बांधकामावर शटरिंगचं काम करायचा. शुक्रवारी सुट्टी असते. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून, गावची आणखी दोन माणसं बरोबर घेऊन तो निघाला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शिजवून न्यायचं असतं. ते इथे परमुलखात कोण करणार, म्हणून त्याने कॅम्पच्या मेसमध्ये उभं राहून पिठलंभात करून घेतला आणि डबा भरून आणला.

चौथ्या मजल्यावर ते तिघे दाराशी आले तेव्हा आतून बायकांचा रडण्याचा आवाज येत होता. लांबलचक, गळा काढून, एकीने सोडला की दुसरीने धरलेला. त्या कुठल्याशा जुन्या परदेशी हडळी होत्या आणि अस्मी त्यांची ट्रायल घेत होती, पण हे बाहेर कुणाला कळणार? तिघांनी माना खाली घातल्या. आणि त्याच वेळी दाराच्या फटीतून चकल्या तळण्याचा खमंग वास आला.

भिवाचं तोंड कडू झालं. "सासू जाऊन दोन दिस नाय झाले," तो हळूच म्हणाला, "आणि सुनेने कढई चढवली."

त्याने बेल दाबली. दार रंभाबाईंनी उघडलं. हातात झारा.

तिघे झाऱ्याकडे बघत उभे राहिले. आतल्या बायका तेवढ्या रडत होत्या.

"काकू," शेवटी भिवा म्हणाला, "तुम्ही गेलात ना?"

"कुठे?"

भिवाने बोट वर केलं. मग त्याला स्वतःलाच ते बरं वाटलं नाही, आणि त्याने बोट खाली घेतलं. अडखळत सगळं सांगितलं. जावेने सुतक धरलंय. गावात केळीची पानं मागवलीत. पोलीसपाटील भेटून गेले.

"आत या," रंभाबाई म्हणाल्या. "दारात उभं राहून माझ्या मयताची चर्चा नको. शेजारी मल्याळी आहेत, त्यांना हिंदी समजतं."

सुजाता धावत आली. "आई, आधी गावाला फोन करा! सगळे रडत असतील तिकडे!"

रंभाबाईंनी पडद्याकडे बघितलं. लांडग्यांची शेवटची फाइल यायची होती. निळी पट्टी चौऱ्याऐंशीवर होती.

"फोन उचलायचा नाही," त्या म्हणाल्या. "हे शंभरावर जाईपर्यंत गावाने मला मेलेलीच धरावी. नऊ वर्षांत एकदा कोणी माझ्यासाठी रडतंय, रडू दे तासभर."

आणि त्या तासभरात त्यांनी भिवाने आणलेला डबा उघडला, स्वतःच्या सुतकाचा पिठलंभात स्वतः वाढून घेतला, आणि चार घास शांतपणे खाऊन मत दिलं: "मीठ जास्त आहे. माझ्या मागे माझी एवढीपण किंमत नाही का, की चव बघून आणावं?"

भिवा आणि मंडळी चकल्या खाऊन गेली. लांडगे शंभरावर पोचले. मग वरवंटा उतरवून, टोप काढून रंभाबाईंनी गावी फोन लावून घेतला आणि जावेला आपण जिवंत असल्याचं कळवलं. ते कळवताना त्या इतकं बोलल्या, की जावेची शंका तिथेच फिटली.

आता चित्रं. चारुदत्तने ती सगळी एका सीडीवर घालून दिली; पण रंजिताच्या हॉलमधल्या टीव्हीला व्हीसीआर होता, त्याला व्हिडिओ कॅसेट लागणार. ते काम खैरुद्दीनचं. रोल्ला चौकाच्या मागे त्याचं कॅसेटचं दुकान. माणूस दापोलीकडचा, गुणवंतांच्या चांगल्या ओळखीतला. त्याने सीडी लावली, दोन सांगाडे हात धरून नाचताना बघितले, आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"वहिनी, हे काय आणलंत?"

"पोरांचं आहे."

"पोरांचं असू दे, नाहीतर पोरांच्या बापाचं. लग्नाच्या शूटिंगबिगर दुसरं काही मी उतरवत नाही. आधी सेन्सॉरच्या ऑफिसात दाखवा, शिक्का आणा, मग पाच मिनटात करून देतो. माझं लायसन आहे वहिनी. तुमच्या भुतापायी मला दापोलीला पाठवतील."

"दापोलीत काय वाईट आहे?"

"काय नाही. म्हणून तर जायचं नाही."

ऑफिसात अर्ज लागतो, अर्ज अरबीत लागतो, आणि अरबी अर्ज टायपिंगच्या दुकानात होतो. टायपिंगवाल्याने विचारलं, विषय काय लिहू? रंभाबाईंनी विचार केला. भुतं म्हणावं तर जादूटोण्याचा वास येतो, आणि या मुलखात जादूटोण्याला थेट तुरुंग. "लिहा," त्या म्हणाल्या, "फार जुने, फार बारीक झालेले लोक. नाचताना." टायपिंगवाला पेशावरचा. त्याने मान हलवून काहीतरी टाइप केलं. अरबीत नक्की काय गेलं ते देवाला ठाऊक, पण पंधरा दिरहम घेतले. म्हणजे त्या वेळचे दोनशे रुपये. दोनशे रुपयांत गावाला सांगाड्यांचा जोड विकत मिळाला असता, असं रंभाबाई अस्मीला वाटभर सांगत राहिल्या.

ऑफिसातले साहेब वयस्कर होते. अंगात पायघोळ पांढरा कंदुरा, हातात जपमाळ, हिंदी पुरतं. त्यांनी अर्ज वाचला, रंभाबाईंना खुर्ची दिली, सीडी लावली आणि बारा मिनिटांची सगळी चित्रं तोंडावरची रेष न हलवता बघितली. वटवाघूळ बघितलं. शवपेटीतून उठून टोपी शोधणारा म्हातारा बघितला. संपल्यावर म्हणाले, "फिर से." परत बारा मिनिटं.

"हज्जी," मग त्यांनी अदबीने विचारलं, "ये हड्डीवाला लोग नाचता क्यों है?"

रंभाबाईंनी पदर सारखा केला. "साब, जिंदा था तब टाइम नहीं मिला होगा."

साहेबांनी जपमाळेचे चार मणी ओढले. खिडकीबाहेर बघितलं. मग शिक्का उचलून अर्जावर मारला. "खलास," ते म्हणाले, आणि अस्मीच्या हातात एक खजूर ठेवला.

खैरुद्दीनने शब्दाला जागून बुधवारी कॅसेट हातात दिली. गुरुवारी दुपारी एक वाजता अस्मीने ती घरच्या व्हीसीआरमध्ये घातली. सांगाडे नाचू लागले. आवाज नाही. टीव्हीला दोनदा थापटून झालं. गुरुवारी चारुदत्तला अर्धाच दिवस ऑफिस, त्याला खालून बोलावलं. त्याने बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काकू, ही चित्रं मूळचीच मुकी आहेत. म्युझिकच्या फाइली वेगळ्या. त्या कॉम्प्युटरमध्येच राहिल्या."

पार्टी पाचला. चारुदत्तचं म्हणणं, कॉम्प्युटरच उचलून पाचव्या मजल्यावर नेऊ. रंभाबाईंच्या डोळ्यांसमोर ती मिरवणूक उभी राहिली: पुढे चारुदत्त, मागे वायरी धरून आपण, आणि दार उघडून हसणारी रंजिता. "तिच्याकडे संसार डोक्यावर घेऊन जायचं? नाही. माझा टेपरेकॉर्डर आहे. त्याच्या कॅसेटवर भर."

"मग कोरी कॅसेट लागेल."

रोल्ल्यातली दुकानं एक वाजता बंद होतात ती चारला उघडतात. म्हणजे खैरुद्दीन चारला येणार, इन्शाल्ला चारला. इन्शाल्ला पुढे लागलं की साडेचारपण होतात, पाचपण होतात.

रंभाबाईंनी निळ्या डब्याकडे बघितलं. त्यात एक कोरी होती. नऊ वर्षं होती. त्या खुर्चीवरून उठेनात.

"Aji," अस्मी रडवेली झाली, "they'll all laugh at me. You promised. I didn't even want to!"

त्यांनी डबा उतरवला. पत्रा चांगलाच गरम होता. झाकण उघडलं. आठ दिवस दोन्ही कॅसेट त्या उबेत एकीवर एक पडलेल्या होत्या. वरचीवर ठिपका होता, खालचीवर नव्हता. वरची त्यांनी उचलून पदराखाली छातीशी घट्ट धरली आणि खालची चारुदत्तपुढे केली.

चारुदत्तने ती उलटसुलट केली. "काकू, हिच्या टिकल्या मोडलेल्या आहेत. कुणीतरी जपून ठेवलेली दिसते. हीच ना नक्की? वर पेनाने काहीतरी लिहिलंय पण, पुसट झालंय."

"काय लिहिलंय ग?" रंभाबाईंनी अस्मीला विचारलं.

अस्मीला मराठी वाचता येत नव्हतं, आणि हे आजीला ठाऊक नाही असा तिचा समज होता. "It's… nothing much, Aji," ती म्हणाली.

रंभाबाईंना हातचं अक्षर लागत नव्हतं, आणि हे नातीला ठाऊक नाही असा त्यांचा समज होता. "दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "घरातल्या वस्तू मला ओळखू येत नाहीत का? चिकटव कागद आणि भर."

चारुदत्तने मोडलेल्या टिकलीच्या भोकावर सेलोटेप चिकटवली. दोन बटणं एकदम दाबली. आधी जुना ऑर्गन, मग घुबडं, मग करकरणारी दारं, हडळी, आणि शेवटी लांडगे. सगळं मिळून बावीस मिनिटं झाली. ऐकून बघायला वेळ उरला नव्हता.

पाच वाजता रंजिताच्या हॉलमध्ये पडदे ओढलेले होते. चादरी पांघरलेली अठरा मुलं जमिनीवर बसली होती. चांगले चार किलोचे भोपळे पोखरून आत मेणबत्त्या ठेवल्या होत्या. पोखरलेला गर कुठे गेला हे रंभाबाईंनी विचारलं आणि उत्तर ऐकून त्या पुन्हा भोपळ्यांकडे बघायच्या नाहीशा झाल्या. "काकू, तुम्ही मागे बसा हं, दाराजवळ," रंजिता म्हणाली. "घाबरायला झालं तर जाता येईल." रंभाबाई पुढे, टेपरेकॉर्डरच्या शेजारी बसल्या.

चित्रं सुरू झाली, कॅसेट सुरू झाली. मुलं घाबरली नाहीत, हसली. सांगाड्याचं डोकं पडलं तेव्हा टाळ्या वाजल्या. हडळींना मुलांनी साथ दिली. लांडग्यांना तर सगळा हॉलच उत्तर देऊ लागला. बारा मिनिटांची चित्रं संपली, ती दुसऱ्यांदा लावली.

"So cute!" रंजिता बायकांना म्हणाली. "स्केरी नाही, पण क्यूट आहे. काकूंनी ट्राय केलं ना, तेच महत्त्वाचं."

अस्मीची मान खाली गेली. रंभाबाईंनी ते बघितलं. तोंडात दिवाळीचे फटाके तयार होते, पण तेवढ्यात शेवटचा लांडगा संपला, कॅसेटमध्ये खट्ट झालं, आणि अंधारात एक पुरुष खोकला.

मुलांनी माना वळवल्या.

"…ऐकतेस ना?" तो आवाज म्हणाला. घोगरा, दमलेला, अगदी जवळून. "ऐकतेस ना, रंभा?"

एका चादरीने किंकाळी फोडली. मग सगळ्यांनीच.

"Who's that? Who's Rambha?"

"That's my Ajoba," अस्मी म्हणाली. तिने हा आवाज दाराबाहेरून एकदा ऐकला होता. "He's dead."

मग जे व्हायचं ते झालं. सहा मुलं सोफ्यामागे गेली. एक रंजिताच्या पायाला मिठी मारून बसला, तो तिचाच होता. रंजिता पांढरीफटक पडून टेपरेकॉर्डरकडे धावली.

"हात काढ," रंभाबाई म्हणाल्या. मोठ्याने नाही म्हणाल्या. रंजिताचा हात हवेतच राहिला.

रंभाबाईंना सगळं एका क्षणात कळलं होतं. गरम पत्रा, वितळलेलं मेण, या कॅसेटवरून त्या कॅसेटवर जाऊन बसलेला ठिपका. आणि मोडलेल्या टिकल्या, ज्या चारुदत्तने दाखवल्या होत्या आणि ज्यांना त्यांनी, सगळ्या मजल्यांवरच्या शहाण्या बाईने, कागद चिकटवायला सांगितलं होतं. तीस मिनिटांची बाजू. त्यातली बावीस गेली. आठ उरली होती, आणि ती आता चालली होती.

"मागल्या कॅसेटीत तू कमी बोललीस," गुणवंत सांगत होते. अठरा भुतं ऐकत होती. "अर्धी बाजू कोरीच. रागावलीस काय? रागव, पण बोलून पाठव. कोरी पाठवू नको. मी ती कोरी पण शेवटपर्यंत ऐकली. म्हटलं, मधेच बोलशील." खोकला. मागे कुठेतरी जहाजाचा भोंगा. "पायाला तेल लावतोय. विलासला म्हणावं, नोकरी सोडू नको. दुसरी कॅसेट रिकामी धाडलीय, ती भर. पुरी भर."

सुजाता अस्मीला न्यायला आली होती, ती दारात थबकली. तिच्या मागून कधीतरी विलासही आला. बूट न काढता तो तसाच उभा राहिला आणि त्याने तोंडावर हात धरला.

कॅसेट संपली. बटण आपोआप वर आलं, तेवढ्या आवाजालासुद्धा दोन मुलं ओरडली. रंभाबाई उठल्या, टेपरेकॉर्डर उचलून काखेत घेतला.

"झालं का स्केरी?" त्यांनी रंजिताला विचारलं, आणि उत्तराला थांबल्या नाहीत.

चारुदत्तने त्या रात्री जेवण घेतलं नाही, एवढा तो हादरला होता. दुसऱ्या दिवशी दोनदा येऊन म्हणाला, "काकू, पुसलेलं परत मिळतं का बघतो, माझा एक मित्र आहे." रंभाबाईंनी त्याला चकल्या बांधून दिल्या आणि सांगितलं की चूक यंत्राची नाही आणि त्याचीही नाही. कोणाची, ते मात्र सांगितलं नाही.

यंदा त्यांनी तिथीची वाट बघितली नाही. वसुबारसेच्या संध्याकाळी दार लावून त्या टेपरेकॉर्डरसमोर बसल्या. या खेपेला अस्मीला आत घेतलं. ऑर्गन वाजला, घुबडं आली. अस्मीने पुढे ढकलायच्या बटणाकडे बोट नेलं.

"Aji, just forward it. He comes after the wolves."

"नको. टेप जुनी आहे, तुटेल." मग थोड्या वेळाने, घुबडांच्या वरून: "आणि मला खाली काय आहे ते ठाऊक आहे. या घुबडाखाली जहाजाचं नाव आहे. दारं करकरतात तिथे ते पोलिसाची गोष्ट सांगतात, स्वतःच हसतात. ह्या बायका रडतायत ना, तिथे लोणचं."

लांडगे येईपर्यंत दोघी बसून राहिल्या. लांडगे सावकाश ओरडले. रंभाबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला, कोणी मोठं माणूस घरात येणार असल्यासारखा. मग खोकला आला, आणि आठ मिनिटं.

ती संपल्यावर त्यांनी कॅसेट काढली. मागच्या भोकावरची सेलोटेप नखाने खरवडून टाकली. मग डब्यातून दुसरी काढली, ठिपक्याची, नऊ वर्षांची कोरी, आणि ती आत घातली.

"कुठली दोन बटणं दाबायची ते दाखव," त्या अस्मीला म्हणाल्या. सोळा वर्षं त्यांनी तीच दाबली होती.

अस्मीने दाबली. चाकं फिरू लागली. रंभाबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. एवढा वेळ, की अस्मीने मान वर करून बघितलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि पुढे सरकून त्या यंत्राच्या जाळीशी तोंड नेलं.

"हं," त्या म्हणाल्या. "ऐका. तुमच्या बोलण्यावर लांडगे बसलेत. आता माझ्यावर डाफरू नका, आधी पूर्ण ऐकून घ्या. त्या रंजिताने वड्यांचं नाव काढलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं…"